बिनवशिंडाचे बैल

मंगळवार, २ फेब्रुवारी १९९९. सकाळी सव्वादहा वाजता दौंडच्या मालधक्क्यावर नांगरांची चढवणी थांबली. ज्यांच्यासाठी हे नांगर चालले होते, त्यांच्याच माणसाने ती थांबवली.

त्याचे नाव दौलत नझारोव. ताजिकिस्तानच्या शेती खात्यातला अभियंता. त्या देशातले यादवी युद्ध पाच वर्षे चालून दीड वर्षापूर्वी संपले होते. डोंगरी खोऱ्यांतून पळालेली कुटुंबे परत येत होती. सामुदायिक शेतांवर ट्रॅक्टर उभे होते, डिझेल नव्हते. म्हणून भारत सरकारच्या मदतीत गव्हाच्या बियाण्याबरोबर बैलांनी ओढायच्या नांगरांचे तीनशे संच धरले गेले. प्रत्येक संचात लोखंडी नांगर, लाकडी दांडी आणि दोन बैलांचे जोखड. हे सगळे संच रश्तच्या खोऱ्यात जायचे होते. दौलत त्याच खोऱ्यातला. त्याचा थोरला भाऊ मुलाबाळांसह मागच्या पानगळीत तिथे परतला होता आणि त्याने दौलतला सांगून ठेवले होते, की एक हंगाम बघतो. पेरणी झाली तर राहतो, नाहीतर कायमचा खाली शहरात उतरतो. खोऱ्यातल्या बहुतेक घरांचे म्हणणे तेच होते.

संच शिरूरला सिद्दीक शिकलगार यांच्या कारखान्यात तयार झाले. कारखाना म्हणजे रामलिंग रस्त्यावरची पत्र्याची लांबट शेड, भाता, दोन वेल्डिंग मशीन आणि अकरा माणसे. दिल्लीतल्या ज्या कक्षाकडे ही मदत पोचवण्याचे काम होते, त्याच्या पुण्याकडच्या समन्वयक प्रगती पोखरकर. कारखाना, रेल्वे, बंदर आणि माल घेणारा देश या चौघांना एका तारखेवर आणणे हे त्यांचे काम. तारीख आली होती. मालगाडीच्या वाघिणी दौंडला लागल्या होत्या, मुंबईहून जहाज पुढच्या आठवड्यात सुटणार होते.

चढवणीआधी एक फोटो काढायचे ठरले होते. त्यासाठी इनामगावचे हरिबा बिचकुले आपली खिल्लार जोडी टेम्पोत घालून दौंडला घेऊन आले होते. बैलांना झूल, कपाळाला कुंकू. सिद्दीक यांनी पहिल्या संचाचे जोखड जोडीच्या मानेवर ठेवले. फोटोग्राफरने सर्वांना जवळ यायला सांगितले. दौलत जवळ आला आणि कॅमेऱ्याकडे न बघता एका बैलाच्या पाठीकडे बघत राहिला. मग त्याने वशिंडावर तळवा ठेवला.

"ये क्या है?"

पंजाबातल्या ट्रॅक्टर कारखान्यात एक वर्ष प्रशिक्षण घेतल्याने त्याला कामापुरती हिंदी येत होती.

"वशिंड," हरिबा म्हणाले.

"बीमारी है?"

"बिमारी!" हरिबा हसले. "आवो दौलतराव, ह्याच्याच जिवावर तर औत चालतंय. जू मागं सरकलं की हितं टेकतं. बैल वडतो त्यो हितनं."

बाकीचेही हसले. दौलत हसला नाही. त्याने हाताचा पंजा आडवा धरला आणि हवेतून सरळ ओढत नेला.

"हमारे बैल ऐसे. सीधी पीठ. ये किसी को नहीं है."

"कुणालाच न्हाई?" सिद्दीक यांनी विचारले.

"किसी को नहीं."

तो वाघिणीकडे गेला आणि हमालांना हाताने थांबा म्हणाला.

चूक कुठे झाली हे त्याच दुपारी स्पष्ट झाले, आणि ती कुणा एकाच्या माथी मारता येईना. ताजिकिस्तानकडून आलेल्या मागणीत 'दोन बैलांचे जोखड' एवढेच होते. जिथे सगळ्या बैलांची पाठ सपाट, तिथे ती सपाट आहे असे कोण लिहिणार? दिल्लीत ते वाचणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर वशिंडाचा बैल आला. शिरूरला तर प्रश्नच नव्हता. उलट सिद्दीक यांनी नेहमीपेक्षा जास्त काळजी घेतली होती. त्यांचे जोखड बाजारात नावाजलेले होते ते एका पद्धतीमुळे. सुतारी वाकसाने तासून झाले की प्रत्येक जोखड जिवंत बैलाच्या मानेवर ठेवून बघायचे, टोचत असेल तिथे पुन्हा तासायचे. परदेशी जाणारा माल म्हणून तीनशेच्या तीनशे जोखडे हरिबांच्या जोडीवर ठेवून पाहिली होती. महिनाभर हरिबा रोज बैल घेऊन शेडमध्ये येत होते. त्यामुळे आता तीनशे जोखडे खिल्लार बैलाच्या वशिंडाला बिनचूक बसत होती.

प्रगती पोखरकर यांनी पहिला प्रश्न दौलतला केला; त्याच्याशी त्या हिंदीतच बोलत. "तुमच्याकडची जुनी जोखडे लोक वापरणार नाहीत का?"

"जल गईं," दौलत म्हणाला. युद्धातल्या हिवाळ्यांत लोकांनी घरातले जे लाकूड असेल ते जाळले. जोखडे जाळली, दारे जाळली, तुतीची झाडे तोडून जाळली. नवी बनवणारे सुतार परत आलेले नव्हते.

"मग ती दिसायची कशी, ते तरी सांगा."

 दौलत ट्रॅक्टरच्या काळात वाढला होता. त्याच्या आजोबांकडे बैल होते, पण ते त्याच्या लहानपणी. "दादा का था," तो म्हणाला. "ऊपर लकड़ी. नीचे भी लकड़ी थी, शायद. गले के नीचे. मैं छोटा था, देखा नहीं ठीक से."

रेल्वेने वाघिणी शुक्रवारी दुपारपर्यंत उभ्या ठेवायचे कबूल केले. प्रगती पोखरकर शिरूरला आल्या आणि एसटी स्टँडसमोरच्या बूथवरून त्यांनी दिल्लीला फोन लावला. त्यांचे वरिष्ठ जागेवर होते.

"नमुना मंजूर आहे?" त्यांनी विचारले.

"आहे, सर."

"तपासणी झाली?"

"झाली."

"मग अडचण कशाची आहे?"

"बैलांची."

प्रगती पोखरकर यांनी सगळे सांगितले. 

"मंजूर वस्तूत बदल म्हणजे नवी मंजुरी. नवी मंजुरी म्हणजे पुढचं जहाज."

"पुढचं जहाज मार्चअखेर आहे. पेरणी संपल्यावर माल पोचेल."

"मग आहे तसं जाऊ द्या. पुढचं तिकडची माणसं बघतील."

"तिकडचा माणूस इथेच माझ्या शेजारी उभा आहे, सर."

"त्यांना चहा पाजा," वरिष्ठ म्हणाले. मग जरा मऊ आवाजात: "पोखरकर, जोखडाला हात लावू नका. बाकी तुमचं तुम्ही बघा."

शेडमध्ये परतल्यावर त्यांनी हे जसेच्या तसे सांगितले. सिद्दीक भात्याशेजारी बसले होते. त्यांनी खाली बघत मान हलवली.

"बैल बघून माप घेतलं, हीच चूक झाली," ते म्हणाले. "हरिबा आबांचं घेतलं असतं तर निभलं असतं. त्यांना कुठं वशिंड हाय!"

"माझ्या मानंवर जू हायेच की, सिद्दीकभाई," हरिबा म्हणाले. "चाळीस वर्सं झाली. तुमच्या वहिनीला इचारा."

दौलतने काय झाले ते विचारले. प्रगती पोखरकर यांनी भाषांतर केले, तेव्हा तो दौंड सोडल्यापासून पहिल्यांदा हसला.

मुख्य अडचण अशी होती, की काहीही करून बघायचे तरी बिनवशिंडाचा बैल हवा. तो हरिबांनाच सुचला. दूध डेऱ्या सुरू झाल्यापासून तालुक्यात संकरित गाई आल्या होत्या. त्यांचे गोऱ्हे सपाट पाठीचे निपजतात. औताला कुणी घेत नाही, म्हणून बहुतेक जण लहानपणीच विकून टाकतात. न्हावऱ्याच्या रस्त्याला धुरपदा नावाच्या बाईकडे असे दोन वाढलेले बैल होते. राजा आणि बाळ्या. विकायचा तिला धीर झाला नव्हता आणि गाव त्यावरून तिला हसत असे.

बुधवारी दुपारी सगळे तिच्या शेतावर गेले. हरभरा निघालेला एक तुकडा मोकळा होता.

"कामाला न्हेऊ नका म्हंते मी," धुरपदा म्हणाली. "त्यांनी उभ्या जल्मात काम बघितलं न्हाई."

"म्हणून तर आलोय," सिद्दीक म्हणाले. "ताई, फक्त बघायचं हाय. तासाभराचं काम."

आधी दौंडहून परत आणलेले जोखड होते तसेच ठेवून पाहिले. बैल दोन पावले चालले. जोखड सरकत मागे खांद्यांवर गेले, नांगराच्या ओढीने वर उचलले गेले आणि मानेखालचा पट्टा राजाच्या गळ्यात रुतला. तो जीभ बाहेर काढून खोकू लागला.

"सोडा! आधी सोडा!" धुरपदा ओरडली. हरिबांनी पट्टा सोडला. दौलत बाजूला उभा होता. त्याने मान वळवून त्या काळ्यापांढऱ्या बैलाच्या गळ्यावरचा वळ पाहिला.

सिद्दीक यांनी येताना बाभळीची एक फळी आणली होती. जोखडातून मानेच्या दोन्ही बाजूंनी खाली येणारे दांडे, म्हणजे शिवळा, हातभर लांब होत्या. फळीला चार भोके पाडून ती शिवळांच्या खालच्या टोकांत अडकवली, तर मान वर-खाली दोन लाकडांच्या चौकटीत बसेल, जोखड वर उचलले जाणार नाही आणि गळ्यावर पट्ट्याचा फास येणार नाही, असा त्यांचा हिशेब होता. वरच्या लाकडाला त्यांनी हरिबांच्या जुन्या घोंगडीचा तुकडा गुंडाळला. खालच्या फळीच्या कडा घासून गोल केल्या.

दौलत वाकून बघत होता. "ऐसा ही था," तो म्हणाला. मग लगेच: "शायद."

या वेळी बैल चालले. तास, म्हणजे फाळाची रेघ, वाकडा पडला, पण पडला. फाळ जमिनीत राहिला, जोखड जागेवर राहिले. शेताच्या बांधापर्यंत जाऊन जोडी वळली, आणि निम्म्यावर आल्यावर बाळ्या खाली बसला.

सगळे धावले. हरिबांनी मान तपासली. कातडीवर ओरखडा नव्हता. श्वास ठीक होता. बाळ्या रवंथ करत होता.

"जू लागलं का काय?" सिद्दीक यांनी विचारले.

"त्याला काय बी झालं न्हाई," धुरपदा म्हणाली. "बसायची सवयच हाय त्याला."

"तुझ्या घरात आनखी कुणाला हाय का गं ही सवय?" हरिबांनी विचारले.

"तुमालाच हाय की, मामा. च्या पिऊन दिस मावळूस्तोवर बसता माझ्या ओट्यावर."

बाळ्या शेपूट पिळूनही उठला नाही. दुसऱ्यांदा प्रयत्न करायला धुरपदाने नकार दिला, आणि तिच्याशी वाद घालण्यासारखे काही नव्हते. बैल तिचे होते.

म्हणजे हाती आले ते एवढेच: एक पूर्ण तास आणि एक अर्धा. बैल जोखडामुळे बसला की आळसाने, हे सांगता येत नव्हते. हरिबांचे मत विचारले तेव्हा ते चेष्टा सोडून बोलले. "बाईसाहेब, शिकवलेला बैल असता तर मी छातीवर हात ठिवून सांगितलं असतं. ह्या जोडीवरनं काय सांगू? गळा दाबत न्हाई, एवढं खरं. दिवसभर औत चाललं का, ते चालवल्याबिगर कळायचं न्हाई."

प्रगती पोखरकर यांनी दौलतला विचारले. त्याने खोऱ्यातल्या बैलांची उंची हाताने दाखवली. त्याच्या छातीच्याही खाली. मान बारीक. म्हणजे फळीला चारच भोके पाडून भागणार नव्हते, मानेप्रमाणे पुढे-मागे बसवता यावे म्हणून प्रत्येक बाजूला जास्त भोके हवीत. सिद्दीक म्हणाले, तीनशे फळ्या होतील. वखारीत बाभूळ आहे, पाबळहून ओळखीतल्या एकाचे दुसरे ड्रिल मशीन मागवतो.

"होतील, पण जाणार कशा?" प्रगती पोखरकर म्हणाल्या. "जोखडाला हात लावायचा नाही. नवी वस्तू कागदावर घ्यायची तर मंजुरी लागेल."

उत्तर त्यांनीच गुरुवारी सकाळी आणले. वाघिणीत माल हलू नये म्हणून आधाराची लाकडे ठोकतात. ती कुठली, किती, हे माल पाठवणाऱ्याने ठरवायचे असते. कागदावर ती 'पॅकिंगचे लाकूड' एवढ्याच नावाने जातात. फळ्या संचांच्या मध्ये आणि कडेने आधार म्हणून लावायच्या.

सिद्दीक खूश झाले. दौलत झाला नाही. त्याने जमिनीवर काडीने दोन रेघा ओढल्या. जहाजातून इराणला उतरलेला माल तिथून रेल्वेने ताजिकिस्तानला जाणार होता. इराणचे रूळ आणि त्याच्या पुढचे, जुन्या सोविएत काळातले रूळ यांची रुंदी वेगळी आहे. इराण आणि तुर्कमेनिस्तान यांच्यामधल्या सरख्सच्या सीमेवर सगळा माल एका गाडीतून काढून दुसऱ्या गाडीत भरतात. आधाराच्या लाकडांचे तिथे कुणाला काही नसते. ती फेकतात. सीमेवर मार्चमध्येही थंडी असते. फेकतातही नाहीत, जाळतात.

"हर लकड़ी पर लिखो," तो म्हणाला. "रूसी में मैं लिखता हूँ. हल का हिस्सा है, फेंकना मना है."

"माझी सून मेहक उर्दू लिहिते," सिद्दीक म्हणाले. "इराणच्या हमालांना ती अक्षरं वाचता येतील."

प्रगती पोखरकर नको म्हणाल्या. कागद म्हणणार पॅकिंग आणि लाकूड म्हणणार नांगराचा भाग. कुठल्याही सीमेवरच्या अधिकाऱ्याने हे वाचले, तर तो फळ्याच काय, संचही अडवून ठेवेल. मग फळीही नाही आणि नांगरही नाही.

"नहीं लिखा तो जलेगा," दौलत म्हणाला.

"लिहिलं तर अडेल."

"मेरा भाई वहाँ बैठा है, मैडम."

"मला माहीत आहे."

दोघांचाही आवाज चढला नव्हता. ड्रिलचा आवाज मात्र थांबला होता. अकरा माणसे ऐकत उभी होती. शेवटी प्रगती पोखरकर म्हणाल्या, "खोऱ्याचं नाव लिहा. नुसतं नाव. माल कुठे चाललाय ते लाकडावर लिहिणं खोटं नाही आणि कागदाविरुद्धही नाही. ज्याला कळायचं त्याला कळेल."

"और जिसको नहीं?"

त्यांनी रंगाचा डबा त्याच्यापुढे सरकवला. दौलतने ब्रश उचलला.

गुरुवारी दिवसभर आणि शुक्रवारी सकाळी फळ्या कापल्या गेल्या, भोके पडली, कडा गोल झाल्या. दौलत रशियन अक्षरांत नाव लिहीत होता, मेहक अंगणात सतरंजीवर बसून उलट्या बाजूला उर्दू अक्षरांत. तिला खोऱ्याचे नाव नवीन होते. पहिली फळी तिने दौलतला तपासायला दाखवली. तो ती अक्षरे वाचू शकत नव्हता. त्याच्या देशात ती दोन पिढ्यांपूर्वीच शाळेतून गेली होती. तेव्हा तिने वाचून दाखवले आणि त्याने उच्चार बरोबर असल्याचे सांगितले.

शुक्रवारी दुपारी दौंडला वाघिणी भरताना रेल्वेचे माल कारकून शंकरराव फळी हातात घेऊन उलटसुलट बघू लागले.

"पॅकिंगचं लाकूड म्हणता. मग याला भोकं कशाला?"

प्रगती पोखरकर काही बोलायच्या आत हरिबा म्हणाले, "हवा खेळाया, साहेब. लांबचा परवास हाय."

शंकररावांनी हरिबांकडे पाहिले, फळीकडे पाहिले आणि ती परत ठेवली. वाघिणींना शिक्के बसले. बियाण्याचा गहू दुसऱ्या गाडीने आधीच मुंबईला पोचला होता. दौलत त्याच संध्याकाळी पुण्याहून दिल्लीच्या गाडीत बसला. सरख्सला स्वतः जाऊन उभे राहायचा त्याचा विचार होता. तुर्कमेनिस्तानचा व्हिसा त्याला मिळाला नाही. इराणचा मिळाला असता, पण त्याला वेळ लागला असता. तो घरी गेला.

जहाज ठरल्या दिवशी सुटले. इराणच्या बंदर अब्बासला माल उतरल्याचा फॅक्स फेब्रुवारीअखेर आला. त्यानंतर दोन आठवडे काही नाही. सिद्दीक रोज बूथवरून प्रगती पोखरकर यांना फोन करत आणि बूथवाला पैसे घेत नसे. हरिबांनी एकदा निरोप पाठवला, की धुरपदाने बैल शिकवायला दिले आहेत, बाळ्या आता बसत नाही, पण त्याला जू कुठले घालायचे यावर तिचे आणि त्यांचे भांडण चालू आहे. फळीचे जोखड लावून त्याने चार दिवस औत ओढले होते. मान चांगली होती. हा निरोप प्रगती पोखरकर यांनी लगेच दौलतला कळवला. त्याचे उत्तर आले: चांगले आहे, फळ्या कुठे आहेत?

सरख्सहून संदेश आला तो १९ मार्चला. तीनशे संच मोजून रुंद रुळांच्या गाडीत भरले, गाडी पुढे गेली, तूट नाही, मोडतोड नाही. जुन्या वाघिणी झाडून परत पाठवल्या. पॅकिंगबद्दल त्यात एक शब्द नव्हता. प्रगती पोखरकर यांनी तिथल्या वाहतूक एजंटाला विचारणा केली: आधाराची लाकडे नव्या गाडीत घेतली का? एजंटाचे उत्तर नम्र होते. लाकडांची नोंद ठेवली जात नाही, असे त्याने कळवले, आणि भारतीय बाजूला त्यांची भरपाई हवी आहे का, असे विचारले.

शनिवारी, २७ मार्चला, दौलतचा दुशान्बेहून फोन आला. गाडी उझबेकिस्तानात तेर्मेझला उभी होती आणि चार-पाच दिवसांत पोचणार होती. खोऱ्याच्या खालच्या शेतांवरचा बर्फ गेला होता, वरच्या शेतांवर अजून होता. भावाने दोन बैल उसने आणले होते. दौलत दुशान्बेच्या मालधक्क्यावर जाऊन वाघिणी स्वतः उघडणार होता; फळ्या आत आहेत की नाहीत, ते तेव्हाच कळणार होते. सरख्सला लावलेले शिक्के अजून तोडलेले नव्हते.